कलम चौदा आणि फीटेचा लंगोट

ओटमार श्नाउफरने आयुष्यात एकच कायदा लिहिला आणि नेमका तोच त्याच्या मानगुटीवर बसला.

कायदा तसा छोटाच. स्टुटगार्टच्या टेकडीवरची आठ बिऱ्हाडांची इमारत. दुसऱ्या मजल्यावरच्या एका तरुण जोडप्याने एकदा पाण्याने भरलेली गादी आणली, आणि खाली राहणाऱ्या आयशेले मास्तरांना रोज दुपारी वामकुक्षीच्या वेळी आपण त्या गादीखाली गुदमरून मरणार असं वाटू लागलं. तेव्हा रहिवासी मंडळाचा चिटणीस या नात्याने ओटमारने इमारतीच्या नियमांत कलम चौदा घातलं. शंभर लिटरपेक्षा अधिक पाणी मावणारं कोणतंही पात्र, मग ते कोणत्याही हेतूने असो, सर्व मालकांच्या लेखी संमतीशिवाय घरात ठेवता येणार नाही. ‘मग ते कोणत्याही हेतूने असो’ हे शब्द त्याला इतके आवडले होते, की जेवताना त्याने ते बायकोला दोनदा वाचून दाखवले. जोडपं गादीसकट निघून गेलं. कलम राहिलं.

अकरा वर्षांनी हा कायदेपंडित दाताच्या डॉक्टरकडे दाढ काढायला गेला. तिथे भिंतीतल्या काचेच्या पेटीत समुद्र होता. जांभळे प्रवाळ हलत होते, दोन नारिंगी मासे एका मऊ झुडपात शिरत होते, बाहेर येत होते, आणि आपल्या नायकाला आपली पाळी आली, नाव पुकारलं, यातलं काही ऐकू आलं नाही. घरी आला तो सुजलेला गाल आणि डोक्यात समुद्र घेऊन.

त्याचं घर चौथ्या मजल्यावर, तिरक्या छपराखाली. बैठकीच्या खोलीत दोन माणसं एकाच वेळी सरळ उभी राहू शकत होती, पण फक्त मधोमध. बायको उलरीके औषधाच्या दुकानात काम करायची आणि बाटलीवरची सूचना वाचावी तशा सुरात बोलायची. तिने दोनच अटी घातल्या. पेटी शिलाईयंत्राच्या जागी बसली पाहिजे, आणि न्हाणीघरात मिठाचा एक दाणाही दिसता कामा नये. मग तिने विचारलं, “पेटी केवढी?”

“एकशे वीस लिटर.”

“कलम चौदा,” ती म्हणाली आणि कांदा चिरायला गेली.

ओटमारने याचा विचार केला नव्हता असं नाही. त्याने तीन संध्याकाळी तोच विचार केला होता. पेटीत दगड जाणार, दगड जागा खाणार, म्हणजे प्रत्यक्ष पाणी भरणार अठ्ठ्याण्णव लिटर. कायद्याचा आत्मा शाबूत राहतो. पण कायद्यात शब्द होता ‘मावणारं’. तो त्यानेच, विचारपूर्वक, ‘असलेलं’ खोडून घातला होता. स्वतःच्या हुशारीचा माणसाला इतका राग क्वचितच येतो. लेखी संमती मागायची तर आधी आयशेले मास्तरांकडे जावं लागणार, आणि ज्याने गादीवाल्यांना हाकललं त्यानेच समुद्रासाठी अर्ज करायचा, ही कल्पनाही त्याला सोसवेना.

निदान जमीन कोसळणार नाही एवढी तरी खात्री करावी म्हणून तो नगरपालिकेच्या दप्तरात घराचा नकाशा बघायला गेला. खिडकीतल्या बाईंनी कशासाठी म्हणून विचारलं. तो म्हणाला, पुस्तकांच्या कपाटासाठी. किती पुस्तकं? ज्ञानकोश आहेत, तो म्हणाला, साधारण एकशे ऐंशी किलो ज्ञान. बाईंनी ते अक्षरशः तसंच लिहून घेतलं आणि फॉर्म परत सरकवला. तळाशी इमारतीच्या मंडळाच्या अध्यक्षांची सही लागणार होती. अध्यक्ष म्हणजे आयशेले मास्तर. ओटमारने फॉर्मची घडी घातली, खिशात टाकली आणि ठरवलं, जमीन शंभर वर्षं उभी आहे, अजून थोडी उभी राहील.

सल्ला द्यायला क्नापे होता. सागरी मत्स्यप्रेमी मंडळाचा खजिनदार, तीस वर्षं खारं पाणी पाळणारा. त्याच्या मते मंडळातले बाकीचे सगळे खुनी होते, कोणी दिवे चुकीचे लावतो, कोणी रेती जाड घालतो. त्याने पहिल्याच भेटीत ओटमारच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, की आधी नुसते दगड, सहा आठवडे नुसते दगड बघायचे, मासा नाही, प्रवाळ नाही. “घाई केलीस की मेला,” तो म्हणाला. कोण मेला हे त्याने स्पष्ट केलं नाही. दगड जिवंत होते, म्हणजे त्यांच्या भोकाभोकांत बारीकसारीक जीव होते. ओटमारने ते ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून ट्राममधून मांडीवर घेऊन आणले. शेजारची बाई दुसऱ्या थांब्यावर उठून उभी राहिली आणि तशीच शेवटपर्यंत उभी राहिली. दगड चिडीचूप होते, वास तेवढा बोलत होता.

न्हाणीघर बंद, तेव्हा मीठ कालवायचं कुठे? तळघरात प्रत्येक बिऱ्हाडाची जाळीबंद कोठडी असते. ओटमारच्या कोठडीत सासऱ्यांचं सफरचंदाच्या मद्याचं पिंप रिकामं पडलं होतं. त्याने ते धुतलं, त्यात पाणी आणि समुद्राचं मीठ कालवलं, आणि आठवड्याचे दोन दिवस, सगळे दुपारी झोपलेले असताना, दोन्ही हातांत उघड्या बादल्या घेऊन तो चार मजले चढू लागला. भरायचं झालं की बदलायचं, बदलायचं झालं की पुन्हा पाण्याच्या चाचणीत काहीतरी बिघडलेलं, म्हणजे पुन्हा पाणी बदलायचं. जिन्याचा दगड काळपट. त्यावर पाणी सांडलं तर दिसायचं नाही. खारं पाणी सुकायला रात्र लागते आणि सुकल्यावर ते काय रंगाचं होतं, हा विचार ज्या माणसाने मिठाच्या वीस किलोच्या गोणीवर बसून करायला हवा होता, त्याने तो केला नाही.

त्या इमारतीत जिना ही गोष्ट देवळासारखी सांभाळतात. दर आठवड्याला एका बिऱ्हाडाची झाडलोट असते. ज्याची पाळी त्याच्या दारावर लाकडी पाटी लटकते, आणि ती पाटी लटकत असताना जिन्यावर काडी जरी दिसली तरी त्या घराच्या पूर्वजांपर्यंत चर्चा जाते. अशा जिन्यावर एका शनिवारी सकाळी, तळघरापासून चौथ्या मजल्यापर्यंत, पांढऱ्या डागांची रांग उमटली. तिसऱ्या मजल्यावर आयशेले मास्तर चष्मा कपाळावर चढवून उभे होते. त्यांच्यासमोरच्या पायरीवर फीटे डाग चाटत होता.

फीटे हा ब्रोडर्सनबाईंचा म्हातारा डॅशहुंड. पाय आखूड, पोट जमिनीला लागलेलं, चेहरा निवृत्त न्यायाधीशाचा. ब्रोडर्सनबाई स्वतः अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, उत्तरेकडच्या किनाऱ्यावर जन्मलेल्या. इथे येऊन पन्नास वर्षं झाली तरी इमारतीत त्यांचा उल्लेख ‘त्या उत्तरेकडच्या’ असाच होई. नवरा गेल्यापासून त्यांच्या घरात बोलणारं आणि ऐकणारं माणूस म्हणजे फीटे.

“बघितलंत?” मास्तर खालच्या आवाजात ओटमारला म्हणाले. “गुन्हेगार परत जागेवर आलाय.”

ओटमारने तोंड उघडलं. खरं सांगायला त्या वेळी फक्त एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्यापाठोपाठ कलम चौदा येणार होतं, त्यापाठोपाठ गादीवालं जोडपं, त्यापाठोपाठ मास्तरांच्या कपाळावरचा चष्मा नाकावर येणार होता. त्याने तोंड मिटलं. मास्तरांनी ते मिटलेलं तोंड संमती समजून त्याला सूचनापत्रक लिहायला सांगितलं. सूचना लिहिणं हे चिटणिसाचं काम, आणि या कामात ओटमारचा हात धरणारा त्या टेकडीवर कोणी नव्हता.

पत्रक उत्तम झालं. त्यात कोणाचं नाव नव्हतं. ‘वयोमानामुळे ज्यांच्या पाळीव प्राण्यांना संयम राखणं कठीण जातं अशा रहिवाशांनी’ एवढंच होतं, आणि इमारतीत पाळीव प्राणी एकच होता. जिन्यात चिकटवताना मात्र ओटमारच्या हातून ते दोनदा वाकडं लागलं. गोंद जुना असल्यामुळे तसं झालं असेल असं त्याने स्वतःला सांगितलं. गोंद त्याने आदल्याच दिवशी आणला होता.

यानंतर ब्रोडर्सनबाई फीटेला उचलून जिना उतरू लागल्या. एका हाताने कठडा, दुसऱ्या हातात नऊ किलोचा कुत्रा, आणि दर मजल्यावर थांबून श्वास. ओटमार पायऱ्यांवर भेटला की त्या कडेला सरकून त्याला वाट देत. कुत्रा मात्र मान लांब करून त्याच्या पँटचा खालचा काठ चाटायचा प्रयत्न करी. “याला तुम्ही भारी आवडता,” त्या एकदा कौतुकाने म्हणाल्या. ओटमारने त्या दिवशी तीन वेळा हात धुतले.

तो काही अगदी दगड नव्हता. त्याने लगेच उघड्या बादल्या बंद केल्या आणि घट्ट झाकणाचे डबे आणले. त्याच आठवड्यात ब्रोडर्सनबाईंनी फीटेला डॉक्टरकडे नेलं, गोळ्या सुरू केल्या आणि डॉक्टरांच्याच सल्ल्याने त्याला लंगोट नेसवला. निळा, बाजूला चिकटपट्ट्या असलेला. शेपटीसाठी भोक. डबे आल्याने डाग थांबले, आणि सगळ्या इमारतीने एका सुरात म्हटलं, पाहा, लंगोट लावला आणि डाग बंद. ओटमारच्या सावधगिरीने फीटेचा गुन्हा शाबीत केला. यापेक्षा परिपूर्ण पुरावा त्याच्या आयुष्यात कधी तयार झाला नव्हता, आणि तो त्याने स्वतः तयार केला होता.

वर पेटीत मात्र आनंद होता असंही नाही. काचेवर चॉकलेटी बुरशीसारखा थर चढला होता, पाणी पातळ कॉफीसारखं दिसत होतं. त्यात कोणत्या तरी दगडातून आलेली एक न दिसणारी कोळंबी अधूनमधून नांगी आपटून ‘टक’ असा आवाज करी. पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा काच तडकली असं वाटून ओटमार पेटीला मिठी मारून वीस मिनिटं उभा राहिला होता. उलरीकेने येऊन बघितलं, त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकून गेली. एवढ्यासाठी एका कुत्र्याची अब्रू घेतली, हे त्याला त्या पेटीसमोर बसून रोज कळत होतं. कळून तो काय करत होता, तर थर खरवडत होता.

मग एका दुपारी बेल वाजली. दारात ब्रोडर्सनबाई, काखेत लंगोटातला फीटे, हातात लाल फळांच्या गोड पुडिंगचं भांडं. त्यांना आत घ्यावं तर खोलीत पेटी. ओटमारने दार फक्त स्वतःच्या रुंदीएवढं उघडं ठेवलं आणि त्या फटीत आपलं शरीर कोंबलं.

“माफी मागायला आलेय, श्नाउफरसाहेब,” त्या म्हणाल्या. “चिटणीस म्हणून तुम्हाला फार त्रास झाला. एवढ्या वर्षांत याने कधी असं केलं नव्हतं हो. मला तर अजून खरं वाटत नाही, पण सगळे म्हणतात म्हणजे असेलच. सभेत याचा विषय घेताय ना? माझी भाची तिकडे उत्तरेला, हुसुमला असते. ती म्हणतेय, पाठवून दे त्याला. तिच्याकडे अंगण आहे.”

“तुम्ही जाल अधूनमधून भेटायला,” ओटमार म्हणाला. तोंडातून निघून गेलं ते वाक्य. यापेक्षा घाणेरडं वाक्य त्याने जन्मात उच्चारलं नव्हतं.

“आठ तासांचा रेल्वेप्रवास आहे,” त्या म्हणाल्या. “बघू.” आणि भांडं त्याच्या हातात दिलं. फीटेने त्याचा अंगठा चाटला, मग मनगट, मग बाहीपर्यंत जमेल तेवढा भाग, अगदी मन लावून.

दार लावल्यावर उलरीके स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर उभी होती. तिने भांडं घेतलं, फ्रिजमध्ये ठेवलं आणि म्हणाली, “हे आपण खायचं नाही. तुझ्यात हिंमत आली की खा. खराब व्हायच्या आत येऊ दे.”

सभा गुरुवारी संध्याकाळी, कोपऱ्यावरच्या खाणावळीच्या मागच्या खोलीत. सगळे मालक हजर, माउलटाशनच्या, म्हणजे सारण भरून उकडलेल्या पापुद्र्यांच्या, बशा समोर, इतिवृत्ताची वही ओटमारपुढे. ब्रोडर्सनबाई टोकाला बसल्या होत्या. टेबलाखाली फीटे, निळ्या लंगोटात. गटारं, सायकली, कचऱ्याच्या पिंपांचा रंग, असे पाच विषय झाले. सहावा विषय कुत्रा. मास्तरांनी पुरावे मांडले. डाग होते तेव्हा लंगोट नव्हता, लंगोट आला तेव्हा डाग गेले. पण जिना काय लंगोटाच्या भरवशावर ठेवायचा का? ठराव असा की महिनाअखेर प्राणी हलवावा. ब्रोडर्सनबाईंनी मान हलवून हो म्हटलं आणि टेबलाखाली हात घातला. ओटमारने वहीत ‘ठराव’ हा शब्द लिहिला. पुढचं अक्षर लिहिता येईना. वहीवरून हात वर घेतला तर बोटं मिठाने पांढरी होती.

तो उठून उभा राहिला. “डाग कुत्र्याचे नाहीत,” तो म्हणाला. “माझे आहेत.”

पहिल्या मजल्यावरच्या बाईंची नजर नकळत त्याच्या पँटवर गेली आणि तिथून घाईने छताकडे वळली. मास्तरांनी कोमल आवाजात सांगितलं, की अठ्ठावन्नाव्या वर्षी असं होऊ शकतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही, विषय इतिवृत्ताबाहेर ठेवता येईल.

“तसे नाहीत,” ओटमार घाम पुसत म्हणाला. “समुद्राचं पाणी आहे ते. मी वर समुद्र ठेवलाय.”

आता तर सगळ्यांना गहिवरून आलं. चौथ्या मजल्यावर समुद्र! एका म्हाताऱ्या बाईचा कुत्रा वाचवण्यासाठी हा सरळमार्गी माणूस, ज्याने उभ्या आयुष्यात थाप मारली नाही, तो एवढी वेडगळ थाप मारतोय. मास्तरांनी मुठीने टेबल वाजवलं, मग सगळ्यांनी वाजवलं. तिथे कौतुकाची तीच रीत. “तुमचं मन मोठं आहे, श्नाउफरसाहेब,” मास्तर म्हणाले, “पण पटेल असं तरी बोला. शंभर लिटरच्या वरचं काही असतं तर तुम्ही अर्ज केला असता. कलम चौदा तुम्हीच लिहिलंय.”

टेबल वाजत होतं आणि ओटमारला वाटत होतं, आपल्याला कोणीतरी जाहीर थोबाडीत मारलेली परवडली असती. “एकशे वीस लिटर आहे,” तो ओरडला. “वर चला सगळे. आत्ता चला.”

सगळे गेले. चार मजले, रांगेने, पुढे ओटमार, मागे फीटेला काखेत घेतलेल्या ब्रोडर्सनबाई. दाराशी मास्तरांनी सगळ्यांना थांबवून जमिनीवरचं वजन वाढू नये म्हणून दोघा-दोघांनी आत जावं असा हुकूम दिला, पण तोवर सगळे आत शिरले होते आणि तिरक्या छपराखाली मान वाकवून उभे होते. समोर काचेची पेटी. गढूळ पाणी, तपकिरी दगड, काचेला चिकटलेली एक गोगलगाय. आतून ‘टक’ असा आवाज आला आणि पहिल्या मजल्यावरच्या बाई किंचाळल्या.

“याच्यासाठी?” मास्तरांनी विचारलं. एवढंच. त्यांचा चष्मा कपाळावरून आपोआप नाकावर आला.

खाली ठेवलेला फीटे तोवर कोपऱ्यातल्या बादलीपाशी गेला होता आणि तिचा काठ चाटत होता, शांतपणे, घरच्यासारखा. ब्रोडर्सनबाईंनी ते बघितलं. मग बादलीत बोट बुडवून जिभेला लावलं आणि डोळे मिटून क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. त्या खोलीत समुद्र ओळखणारं माणूस तेवढं एकच होतं.

त्या वाकल्या. गुडघ्यांमुळे वाकायला वेळ लागला, कोणी मदत करायला धजलं नाही. त्यांनी फीटेच्या लंगोटाच्या दोन्ही चिकटपट्ट्या सोडल्या, तो त्याच्या शेपटीवरून अलगद ओढून काढला, व्यवस्थित घडी घातली आणि ओटमारच्या हातात दिला.

“हा तुमच्याकडे ठेवा, श्नाउफरसाहेब,” त्या म्हणाल्या. “गळती तुमच्या घरात आहे.”

आणि फीटे त्या संध्याकाळी कित्येक आठवड्यांनंतर पहिल्यांदाच स्वतःच्या पायांनी, एकेक पायरी पोट आपटत, खाली गेला.

इतिवृत्त ओटमारनेच लिहिलं. मास्तर म्हणाले होते, सहावा विषय थोडक्यात घ्या. त्याने तो दोन पानं घेतला. दुसऱ्या दिवशी जिन्यात नवं पत्रक लागलं. त्याच्या हातचं पहिलंच पत्रक, ज्यात एका रहिवाशाचं नाव स्पष्ट होतं, ठळक, मजल्यासकट. चिटणीसपद गेलं. दगड क्नापेने नेले, जाताना ‘घाई केलीस’ म्हणाला. झाडलोटीची लाकडी पाटी पुढचं वर्षभर एकाच दारावर लटकेल असा ठराव एकमताने झाला. एकमत म्हणजे त्यात ओटमारचाही हात वर होता. पुडिंग सभेच्या रात्रीच त्याने उभ्याउभ्या खाल्लं. आंबायला लागलं होतं, तरी भांडं चाटूनपुसून साफ केलं आणि धुऊन बाईंच्या दाराशी ठेवून आला. बेल वाजवायचं धाडस झालं नाही.

ब्रोडर्सनबाई त्याच्याशी बोलत नव्हत्या. दर शनिवारी तो गुडघ्यांवर बसून जिना पुसत असायचा, त्या फीटेला घेऊन बाजूने जायच्या, समोर बघत, तोंडाने एक शब्द नाही. पाच शनिवार असे गेले. ओटमारला शिव्या चालल्या असत्या. ते समोर बघणं त्याला रात्री जेवताना आठवायचं आणि तो ताट बाजूला सरकवायचा.

सहाव्या शनिवारी तिसऱ्या मजल्यावर त्या थांबल्या. फीटे त्याच्या बादलीत नाक घालून, साधंच पाणी आहे हे कळल्यावर निराश होऊन मागे फिरला. बाईंनी काठीचं टोक पायरीच्या डाव्या टोकाला टेकवलं.

“कोपरा राहिलाय,” त्या म्हणाल्या.

ओटमारच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पायरीवर पडू नये म्हणून त्याने घाईघाईने बाहीने टिपलं, मग फडकं पिळलं आणि तो कोपरा दोनदा पुसला.